डावीकडून तिसरे

राष्ट्रीय नेत्यांच्या वृत्तछायाचित्रांचे फिरते प्रदर्शन नावालाच फिरते असते. नेते जिथल्या तिथे असतात: गांधीजी चरख्यामागे, नेहरू विमानतळावर, शास्त्रीजी धोतरात, इंदिरा गांधी सभेपुढे हात उंचावून. फिरतो तो टेंपो, त्याचा चालक आणि सोबत आलेला एक कर्मचारी. या कर्मचाऱ्याजवळ हातोडी, खिळ्यांचा डबा, सुतळीचा गुंडा आणि प्रवासभत्त्याचे कोरे फॉर्म असतात. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी प्रदर्शनाचा मुक्काम तीन ते पाच दिवसांचा. उतरण्याची जागा म्हणजे नगर वाचनालयाचा वरचा मजला, टिळकांच्या नावाचे एखादे सभागृह, नाहीतर मंगल कार्यालय, मात्र त्या दिवसांत मुहूर्त नसेल तरच.

प्रदर्शनाचे हंगाम दोन. एक 15 ऑगस्टच्या आगेमागे आणि दुसरा 26 जानेवारीच्या. 2 ऑक्टोबरला किरकोळ मागणी असते. यातला ऑगस्टचा हंगाम नेत्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर त्या दिवसांत हवेत एवढे पाणी असते की सनबोर्डावर चिकटवलेली छायाचित्रे कोपऱ्यांतून सुटू लागतात आणि चौथ्या दिवसापर्यंत स्वातंत्र्यलढा पापडासारखा वळतो. त्यावर उपाय म्हणून अलीकडे सगळे फ्लेक्सवर छापून आणतात. फ्लेक्स भिजत नाही, पण गुंडाळून ठेवल्याने त्याला कायमचा बाक येतो आणि 1947 सालचे मंत्रिमंडळ टांगल्यावर किंचित नमस्कार केल्यासारखे दिसते.

अशी प्रदर्शने भरवणाऱ्यांत सरकार जुने. केंद्र सरकारचे जाहिरात व दृश्य प्रचार संचालनालय 1955 मध्ये स्थापन झाले आणि छायाचित्रांचे फलक गाड्यांत घालून गावोगाव नेणे हा त्याच्या कामाचा एक भाग झाला. 1959 मध्ये त्याच माहिती व नभोवाणी मंत्रालयाखाली छायाचित्र विभागही आला, म्हणजे नेता दिसला की त्याचा फोटो काढणारे आणि फोटो दिसला की तो टांगणारे, अशी दुहेरी सोय झाली. पुढे या प्रचारखात्यांचे एकत्रीकरण होऊन केंद्रीय संचार ब्युरो हे नाव आले. फलक उतरवून घेणाऱ्या गावाला त्याने फरक पडला नाही. 2007 मध्ये 1857 च्या उठावाला दीडशे वर्षे झाली म्हणून ‘आझादी एक्स्प्रेस’ नावाची अख्खी आगगाडीच प्रदर्शन घेऊन देशभर निघाली. ती पाहायला लोक फलाटावर रांगा लावून उभे राहिले. फलाटावर उभे राहण्याची सवय असल्याने त्यात कुणाला फारसे वेगळे वाटले नसावे. सरकारखेरीज वृत्तपत्रे, छायाचित्रकारांच्या संघटना, शताब्दी समित्या आणि एखादा हौशी संग्राहक हेही प्रदर्शने भरवतात. संग्राहकाचे प्रदर्शन ओळखायला सोपे असते. त्याच्या प्रत्येक छायाचित्रावर तिरप्या अक्षरांत त्याचेच नाव छापलेले असते, आणि ते नेत्याच्या बरोबर छातीवर येते.

मांडणी कालक्रमाने करावी असा नियम आहे. त्यासाठी फलकांच्या पाठीवर खडूने क्रमांक घातलेले असतात आणि दोन गावांच्या प्रवासात ते पुसले जातात. मग सोबतचा कर्मचारी अनुभवाने मांडणी करतो. त्याचा अनुभव इतिहासाचा नसून भिंतींचा असतो. सलग मोठी भिंत व्यासपीठामागेच असते, म्हणून 1942 ते 1947 हा काळ तिथे लागतो आणि त्यापुढे पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्यामुळे तो कुणाला नीट दिसत नाही. खिडक्यांच्या बाजूला पन्नासचे दशक येते, दोन खिडक्यांच्या मध्ये एक पंचवार्षिक योजना या हिशेबाने. विजेच्या बटणांचा बोर्ड झाकायला आकाराने योग्य असा फलक निवडला जातो. तो सरदार पटेलांचा निघाला, की पंख्याचा वेग कमी करायला वाचनालयाचा शिपाई सरदारांना एका हाताने बाजूला सारतो, मागचे बटण फिरवतो आणि पुन्हा सरळ करतो. संस्थाने विलीन करणाऱ्या माणसाला पाच दिवसांत इतक्या वेळा हलवलेले दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही.

हार हा स्वतंत्र विषय आहे. मराठी घरात भिंतीवरच्या ज्या फोटोला हार असतो तो माणूस गेलेला असतो. एवढे शिक्षण पाच वर्षांच्या पोरालाही असते. प्रदर्शनातले नेते बहुतेक दिवंगत, मग हार सगळ्यांना घालायचा की कुणालाच नाही? साधारणपणे दाराशी ठेवलेल्या पहिल्या फलकाला हार घालून तड लावतात. पहिला फलक लोकमान्यांचा किंवा गांधीजींचा असतो, त्यामुळे तक्रार येत नाही. पण मांडणी भिंतीच्या सोयीने झाली असेल आणि दाराशी एखाद्या हयात नेत्याचा फलक आला असेल, तर हार हातात घेतलेला शिपाई दोन पावले मागे येऊन ग्रंथपालांच्या तोंडाकडे बघतो. दुसऱ्या दिवसापासून कुणीतरी पहिल्या फलकापुढे उदबत्तीही लावतो. ती कुणी लावायला सांगितलेली नसते. पाचव्या दिवशी लोकमान्यांच्या उपरण्यावर धुराचा एक बारीक पिवळा पट्टा उमटतो आणि पुढच्या गावात तो मूळ छायाचित्राचा भाग मानला जातो.

उद्घाटनाला फीत, कात्री, तबक आणि समई लागते. कात्री चालत नाही. वारा नसतानाही समईची दुसरी वात विझते आणि पाहुण्यांनी मेणबत्ती धरलेली असताना सर्वजण छायाचित्रकाराकडे पाहून तिसरी वात पेटवतात. त्यानंतर प्रास्ताविक, स्वागत, परिचय, मनोगत आणि अध्यक्षीय समारोप झाला, की पाहुण्यांना प्रदर्शन दाखवण्यासाठी जी पाच मिनिटे राखून ठेवलेली असतात ती संपलेली असतात. तरीही एक विधी टाळता येत नाही. पाहुणे एका फलकासमोर उभे राहतात, शेजारचे संयोजक त्या फलकाकडे बोट दाखवतात आणि दोघेही बोटाच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे कॅमेऱ्याकडे, बघतात. उद्याच्या अंकात ‘प्रदर्शनाची पाहणी करताना मान्यवर’ म्हणून जे छापून येते ते हेच. राष्ट्रीय नेत्याचा फोटो बघताना स्थानिक नेत्याचा फोटो काढणे ही या प्रदर्शनाची निर्मितीक्षमता आहे. एका फलकातून दर मुक्कामी निदान एक नवे छायाचित्र जन्माला येते आणि त्यात मूळ फलकाचा कान किंवा कोपरा तेवढा दिसतो.

पाहुणे चहाला गेल्यावर प्रदर्शन सुरू होते.

पहिल्या भिंतीवरच्या नेत्यांची वृत्तछायाचित्रे मुळात कमीच. लोकमान्यांच्या काळात छायाचित्र काढायला नेता स्टुडिओत जात असे. पगडी नीट बसवून, उपरणे सावरून, समोरच्या पेटीकडे रोखून पाहत बसत असे. असे छायाचित्र बातमी सांगत नाही, दरारा सांगते. त्यामुळे मंडालेला सहा वर्षे काढलेला हा माणूस प्रदर्शनात एकदाही हलताना दिसत नाही. बातमी येते ती 1 ऑगस्ट 1920 ला, मुंबईतल्या अंत्ययात्रेच्या छायाचित्रात, आणि तिथे दिसतात ती फक्त डोकी.

गांधीजींपासून नेते हलू लागतात. यात वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचा वाटा मोठा आहे. गांधीजींचे नातू लागणारे कनू गांधी तिथे आश्रमाच्या कार्यालयात काम करत होते. त्यांना कॅमेऱ्याची ओढ लागली, घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स आला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, उभे राहा-बसा असे सांगायचे नाही आणि आश्रम यासाठी पैसे देणार नाही. आजचा कुठलाही नेता आपल्या छायाचित्रकाराला या अटी घालत नाही, नेमक्या उलट घालतो. त्या अटींमुळे मिळाले काय, तर 1940 च्या सुमाराचे दोन अस्सल फोटो. एकात गांधीजी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून कुष्ठरोगाचे जंतू पाहत आहेत, आणि दुसऱ्यात विदर्भाच्या उन्हात डोक्यावर चक्क उशी घेऊन चालले आहेत. उशीच्या फोटोपुढे शाळेची रांग हमखास अडते. मागून गुरुजी ‘चला, पुढे चला’ म्हणत येतात, स्वतः थांबतात आणि मग रांगेला मागून धक्का बसतो.

याच भिंतीवर समुद्रकिनाऱ्यावरचा तो फोटो असतो, ज्यात एक लहान मुलगा गांधीजींच्या काठीचे पुढचे टोक धरून त्यांना ओढत नेत आहे. किनारा दिसतो, काठी दिसते, म्हणून ही दांडीयात्रा, असे ठामपणे सांगणारा एक जण प्रत्येक गावात असतो. प्रत्यक्षात किनारा जुहूचा आणि साल 1937. मुलगा म्हणजे रामदास गांधींचा मुलगा. त्याचेही नाव कनूच. त्यामुळे कर्मचाऱ्याकडून फलकाखालच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली, की आठ-नऊ वर्षांचा मुलगा गांधीजींना ओढत असतानाच त्यांचा फोटोही काढत होता असा अर्थ निघतो. हा मुलगा पुढे अमेरिकेत जाऊन नासात काम करू लागला. हे ऐकल्यावर पालक आपल्या मुलांना फलकाजवळ पुन्हा घेऊन जातात.

चरख्यामागच्या गांधीजींचे छायाचित्र 1946 चे आणि ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी काढलेले. गांधीजींच्या चिटणिसांनी त्यांना आधी सूत कातायला शिकवले. चरखा समजल्याशिवाय चरख्यावरच्या माणसाचा फोटो कसा काढणार, असा चिटणिसांचा सरळ प्रश्न होता. हीच अट आज लागू झाली, तर पूरग्रस्त भागाच्या पाहणीच्या छायाचित्रांसाठी निम्म्या छायाचित्रकारांना आधी पोहणे शिकावे लागेल. कातण्याची परीक्षा पार पडल्यावर बाईंना फक्त तीन फ्लॅशबल्ब वापरायची मुभा मिळाली, आणि तो गांधीजींचा मौनाचा सोमवार होता. पहिला बल्ब फुकट गेला. दुसरा उडाला, पण कॅमेऱ्यातली पट्टी ओढायची राहून गेली. तिसरा लागला. जगात सर्वांत जास्त छापलेल्या फोटोंपैकी एकाची मागची बाजू अशी आहे, आणि ती फलकावर नसते. फलकावर असते: ‘महात्मा गांधी सूत कातताना.’ खरे म्हणजे त्या क्षणी ते कातत नसून वाचत आहेत. चरखा पुढे आहे एवढेच.

या ‘ताना’विषयी इथेच लिहिले पाहिजे, कारण वृत्तछायाचित्राखालच्या मराठीचा सारा डोलारा त्यावर उभा आहे. छायाचित्रातला नेता कोणतेही काम पूर्ण करत नाही. तो दीपप्रज्वलन करताना असतो, पाहणी करताना असतो, मार्गदर्शन करताना, अभिवादन स्वीकारताना, वृक्षारोपण करताना असतो. पंचवीस वर्षांनी तोच फलक पुन्हा टांगला तरी झाड अजून लागलेलेच नसते. बाकीची भिस्त ‘समवेत’, ‘प्रसंगी’ आणि ‘आदी’ या शब्दांवर असते. समवेत म्हणजे नेत्याच्या शेजारी. प्रसंगी म्हणजे काय चालले आहे ते लिहिणाऱ्यालाही कळलेले नाही. आदी म्हणजे ज्यांची नावे विचारायची राहिली ते. ‘चर्चा करताना’ ही ओळ दोन नेते एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतानाही चालते. कुलवंत रॉय यांनी 1939 मध्ये टिपलेल्या एका फोटोत मात्र गांधीजी आणि जिना खरोखरच हातवारे करून वाद घालत आहेत. त्याखालीही ‘चर्चा करताना’ असेच लिहिलेले असते.

पण खरी ताकद ‘डावीकडून’ या शब्दाची. सामुदायिक छायाचित्रात माणूस असून भागत नाही, तो डावीकडून कितवा आहे यावर त्याचे अस्तित्व ठरते. कुणाची डावी बाजू, हा वाद जुना. पाहणाऱ्याची, हे त्याचे उत्तर. पण फलकात उभ्या असलेल्या नेत्याचा कार्यकर्ता ते मानत नाही. आणखी एक अडचण म्हणजे निगेटिव्ह उलटी छापली गेली, तर डावीकडून तिसरे उजवीकडून तिसरे होतात आणि पाच जणांच्या रांगेत ते कुणाला कळतही नाही. ते कळते फक्त शिंप्याला. असा एखादा शिंपी सवडीने प्रदर्शन बघायला येतो, पुढाऱ्यांच्या रांगेपुढे मान तिरकी करून उभा राहतो आणि म्हणतो, ‘सगळ्यांच्या कोटाला काजं उजवीकडं कशी?’ तोवर शेकडो लोक आणि दोन इतिहासाचे प्राध्यापक त्या फलकासमोरून गेलेले असतात.

नेहरू-गांधी हसत आहेत तो फोटो मुंबईचा. 6 जुलै 1946, काँग्रेस महासमितीची बैठक. छायाचित्रकार असोसिएटेड प्रेसचे मॅक्स डेस्फोर. नेहरू वाकून गांधीजींच्या कानाशी आले आहेत आणि दोघे मनापासून हसत आहेत. कशावर हसत आहेत, हे फलक सांगत नाही, त्यामुळे प्रेक्षक आपापल्या पक्षाप्रमाणे विनोद पुरवतात. कर्मचाऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा, तर या एका फलकासमोर आजवर इतके विनोद झाले आहेत की मूळ विनोद कळला तर लोकांची निराशाच होईल.

त्यानंतरची भिंत बव्हंशी होमाई व्यारावाला यांची. 9 डिसेंबर 1913 ला नवसारीत जन्म, वडील फिरत्या नाटक कंपनीत नट, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. देशातल्या त्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावाने, म्हणजे ‘डावीकडून’च्या यादीत त्यांचे स्वतःचेच नाव नव्हते. 1942 पासून त्या दिल्लीत. गाडीचा क्रमांक डी.एल.डी. 13 निघाला, जन्मसाल तेरा, नवऱ्याची भेट तेराव्या वर्षी. त्यांनी ‘डालडा 13’ हे टोपणनाव घेतले. वनस्पती तुपाच्या नावाने देशाच्या पंतप्रधानांचे फोटो काढणारी ही एकमेव व्यक्ती असावी. त्यांचा आवडता विषय नेहरू, आणि नेहरूंना कॅमेरा दिसला की काहीतरी सुचत असे. ते कबूतर उडवत, गुलाब लावत. पालम विमानतळावर ते बहिणीची वाट पाहत उभे असताना होमाईंनी टिपलेल्या एका फोटोत त्यांच्या शेजारी स्वच्छ अक्षरांत पाटी आहे: छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई. पंतप्रधान पाटीशेजारी, छायाचित्रकार पाटीसमोर, आणि पोलीस बहुधा चौकटीबाहेर.

दुसरा फोटो अधिक त्रासदायक. विमानात नेहरू ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देत आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या ओठांतही सिगारेट आहे. शाळांच्या सहली येणार असतील त्या सकाळी हा फलक भिंतीकडे तोंड करून लावला जातो. पाठीवर खडूचा पुसट ‘37’ तेवढा दिसतो. मुले त्याच्याच मागे काय आहे ते वाकून बघतात, आणि प्रदर्शनातला कोणता फोटो आवडला या निबंधात तोच फोटो येतो. मुंबईत होमाईंचे पूर्वलक्षी प्रदर्शन राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले होते. काळ्या घोड्याजवळच्या जुन्या कावसजी जहांगीर सभागृहात हे संग्रहालय आहे. तिथे असले फलक उलटे लावावे लागत नाहीत. तिथे भिंतीही गोल आहेत आणि येणारे आधीच मोठे झालेले असतात.

30 जानेवारी 1948 च्या भिंतीशी सभागृह आपोआप शांत होते. इथे एक गोष्ट फलकावर नसते. गांधीजींना रोज टिपणारे कनू गांधी त्या दिवशी नोआखालीत होते. होमाई कॅमेरा घेऊन बिर्ला हाउसकडे निघाल्या होत्या, पण उद्या मिळून जाऊ म्हणून नवऱ्याने त्यांना माघारी बोलावले. त्याच दिवशी गांधीजींना भेटून परतलेले आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार मात्र बातमी कळताच पुन्हा तिथे पोचले. नेहरू फाटकावर चढून गर्दीला गांधीजी गेल्याचे सांगत आहेत, तो अंधुक फोटो त्यांचा. वर दिवा, खाली काळोख आणि नेहरूंचा चेहरा धड दिसतही नाही. फ्लेक्सवाल्याने तो ‘साफ’ करून दिला असेल, तर फाटकच तेवढे उजळ दिसते.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून प्रदर्शन पुन्हा बोलके होते. इथे मराठी माणूस डोळे बारीक करून आपले शोधू लागतो. 30 नोव्हेंबर 1957 ला प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करणारे नेहरू फलकावर असतात. त्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्र समितीने केलेली निदर्शने नसतात. ती म्हातारे लोक तोंडी पुरवतात. ‘काळे झेंडे कुठे आहेत?’ असा प्रश्न साताऱ्याकडे हमखास येतो, आणि कर्मचारी आपण काळे झेंडे आणायला विसरल्यासारखा ओशाळतो. 1 मे 1960 च्या छायाचित्रात नेहरूंशेजारी यशवंतराव चव्हाण असले, की लोकांच्या दृष्टीने फोटो यशवंतरावांचा असतो; नेहरू ‘समवेत’ होतात. ताश्कंदच्या फोटोत धिप्पाड अयूब खानांशेजारी बेताच्या उंचीचे शास्त्रीजी उभे असतात आणि इथे प्रत्येक गावात एकच वाक्य उच्चारले जाते, मूर्ती लहान पण कीर्ती महान. कर्मचारी ते ओठ हलवून सोबत म्हणतो.

16 डिसेंबर 1971 चा ढाक्याचा फोटो खरे तर नेत्यांचा नव्हे, सेनापतींचा. पण त्याशिवाय प्रदर्शन पुरे होत नाही. पाकिस्तानचे नियाझी शरणागतीवर सही करत आहेत, शेजारी भारताचे अरोरा बसले आहेत आणि टेबलामागे अधिकाऱ्यांची रांग आहे. कडेला आकाशवाणीचे वृत्तनिवेदक ध्वनिक्षेपक पुढे धरून आहेत. सहीचा आवाज येत नाही हे ठाऊक असूनही त्यांनी तो धरला आहे. पुढे 1977 चे जॉर्ज फर्नांडिस: हातकडी घातलेला हात उंच उचललेला. हाच फोटो प्रचाराला वापरून ते तुरुंगातून मुझफ्फरपूरला निवडून आले. मुंबईत 1967 मध्ये स. का. पाटलांना त्यांनी पाडल्याची आठवण या फलकापुढे इतक्या तपशिलाने निघते, की मागची रांग आणीबाणीतच अडकून पडते. त्यालाच लागून छायाचित्रकार राघू राय यांनी काढलेला 1977 चाच फोटो लागलेला असला, तर पाहावा: निवडणूक संपली आहे आणि सफाई कामगार इंदिरा गांधींचे फाटके प्रचारचित्र गोळा करून नेतो आहे. प्रदर्शनातल्या साऱ्या फोटोंत फोटोचेच पुढे काय होते हे दाखवणारा हा एकच. संयोजक तो शक्यतो शौचालयाच्या वाटेवर लावतात.

प्रेक्षकांचे वर्ग करता येतील, पण मुख्य वर्ग दोनच: नेता पाहायला आलेले आणि नेत्याच्या मागे कोण आहे ते पाहायला आलेले. दुसरा वर्ग फार मोठा. चाळीसच्या दशकातल्या सभेचा फोटो असला, की एखादे कुटुंब त्याच्या अगदी जवळ जाते, चष्मे बदलते, मोबाइलचा उजेड पाडते आणि शेवटी एका पांढऱ्या टोपीवर बोट ठेवते. ‘हे आमचे आजोबा.’ त्या फोटोत पांढऱ्या टोप्या तीनशे असतात. पण आजोबा मुंबईला गेले होते हे खरे, सभेला गेले होते हेही घरात सांगितले जाते, आणि त्यांचा कान असाच बाहेर आलेला होता. मग त्या टोपीचा फोटो काढला जातो, तो कुटुंबाच्या गटावर जातो, पुण्याहून आत्या ‘हेच ते’ असे कळवते आणि अमेरिकेतला भाचा टोपीभोवती लाल वर्तुळ काढून परत पाठवतो. दुसऱ्या दिवशी दुसरे कुटुंब येऊन त्याच टोपीवर हक्क सांगते. मूळ फलकावर त्या जागी बोटांनी पडलेला एक तेलकट डाग असतो. नेत्याच्या चेहऱ्यावर डाग नसतो. त्याच्या चेहऱ्याला कुणी बोट लावत नाही.

ज्यांचे आजोबा सापडत नाहीत ते नेत्याशेजारी स्वतः उभे राहतात. पूर्वी यासाठी नेता गावात यावा लागे. आता फलक पुरतो, आणि उजेड बरा असेल तर नेहरूंनी खांद्यावर हात ठेवल्याचाही भास होतो.

बाहेर पडताना अभिप्राय वही असते. तिला दोऱ्याने पेन बांधलेले असते आणि दोरा पेनपेक्षा टिकाऊ असतो. पहिले पान पाहुण्यांचे, ‘अत्यंत स्तुत्य उपक्रम’. त्याखाली सगळ्यांनी तेच लिहिलेले असते, कारण लिहिण्याआधी वरचे वाचण्याची पद्धत आहे. तिसऱ्या पानापासून माणसे बोलू लागतात: पंखे वाढवावेत, पिण्याच्या पाण्याची सोय नाही, आमच्या तालुक्यातील स्वातंत्र्यसैनिकांवर अन्याय झाला आहे, बाबासाहेबांचे फक्त दोनच फोटो का? हा शेवटचा प्रश्न रास्त असतो. नोव्हेंबर 1949 मध्ये राज्यघटना राजेंद्रप्रसादांच्या हाती देतानाचे बाबासाहेब आणि मसुदा समितीचा सामुदायिक फोटो, एवढ्यावर बहुतेक सरकारी संच भागवतात. पुढच्या गावी तिसरा फोटो येतो. तो दुसऱ्याचीच मोठी प्रत असतो. एका कोपऱ्यात कुणीतरी शालेय अक्षरांत ‘उशीचा फोटो छान आहे’ असे लिहून खाली इयत्ता आणि तुकडी दिलेली असते.

काही जुने छायाचित्रकार अशा अभिप्रायांना मुकले. कुलवंत रॉय पन्नासच्या दशकाच्या अखेरीस जगाच्या प्रवासाला गेले आणि काढलेल्या निगेटिव्ह टपालाने दिल्लीला घरी पाठवत राहिले. परतल्यावर पाहतात तो पाकिटे पोचलीच नव्हती. पुढे ते टपालकचेऱ्यांत आणि कचऱ्याच्या ढिगांतही ती शोधत हिंडले. 1984 मध्ये ते वारले. त्यांच्या उरलेल्या पेट्या एका नातेवाइकाकडे बरीच वर्षे बंद पडून होत्या. त्या उघडल्या तेव्हा त्यांत गांधी, नेहरू, पटेल, जिना जसेच्या तसे निघाले. टपालात हरवलेले कुणालाच सापडले नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी प्रदर्शन उतरते. चढवायला अख्खा दिवस लागलेला असतो, उतरवायला दीड तास पुरतो. नेत्यांचे फलक एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये रद्दी घालतात, आणि रद्दी त्याच गावातली, त्याच आठवड्याची असते. गांधीजींच्या चेहऱ्यावर ठेवलेल्या पानावर उद्घाटनाचे छायाचित्र असते. त्यात प्रदर्शनाची पाहणी करताना सहा मान्यवर, डावीकडून अनुक्रमे पाचांची नावे आणि आदी. मागे कुणाच्या तरी खांद्यावरून चरख्याचे चाक थोडेसे दिसते. कर्मचारी सुतळी आवळतो, पाठीवर खडूने ‘1’ घालतो आणि टेंपोचे फाळके लावतो.